मिरगातले शंभर आणि म्हाताऱ्या पावसातले सत्तर: ओढ्याच्या पुराच्या इशाऱ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरपट्ट्यातून उतरून मलप्रभेला मिळणारे पुष्कळ ओढे आहेत. त्यांतल्या एका ओढ्याकाठच्या गावाचं हे प्रकरण. गावाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदलले आहेत. वस्ती मराठी, पंचायतीचा कागद कन्नड. शिवारात भात, थोडा ऊस, वरच्या अंगाला काजू. गावातून बाहेर पडायला एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर ओढा ओलांडणारी फरशी: खाली सिमेंटचे पाईप, वर काँक्रीट, कठडा नाही. हायस्कूलची मुलं, डेअरीचं दूध, बेळगावात उद्यमबागला कामाला जाणारी पोरं, सगळी याच फरशीवरून जातात-येतात.

फरशीच्या वरचं पाणलोट साधारण १२ चौरस किलोमीटरचं. वरचा भाग जंगल आणि जांभी लाल माती, खालचा भाग भाताचे वाफे. डोंगरावर जोराचा पाऊस लागला की दीडेक तासात पाणी फरशीला येतं. हा अंदाज आधी गावकऱ्यांचा होता, पुढे नोंदींतूनही तसाच निघाला.

जिल्ह्यात पूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑगस्ट २०१९ येतो. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या होत्या. निपाणीजवळ वेदगंगेचं पाणी येऊन महामार्ग बंद पडला, तसा तो २०२१ मध्येही पडला. पण मोठ्या नदीचा पूर चढायला वेळ घेतो. धरणातून किती सोडलं याची बातमी आधी येते, माणसं सामान हलवतात. ओढ्याचं तसं नाही. चारला गुडघाभर असलेलं पाणी साडेपाचला छातीला लागतं आणि रात्री नऊला पुन्हा गुडघ्याखाली जातं. दुसऱ्या दिवशी तलाठी पाहणीला येतो तेव्हा दाखवायला फक्त काठाला अडकलेला पालापाचोळा उरतो.

अडचण

२०१९ नंतर पंचायतीनं भोंगा बसवला आणि नियम ठरवला: चोवीस तासांत १०० मिलीमीटर पाऊस झाला की भोंगा. हा आकडा कुठून आला, असं मी नंतर विचारलं. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिलीमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. कुणीतरी पहिल्या दोन आकड्यांच्या मधला, लक्षात राहायला सोपा म्हणून शंभर धरला. त्यात वाईट हेतू नव्हता. पण ही वर्गवारी पावसाची आहे, पुराची नाही. आभाळातून किती पडलं ते ती सांगते, ओढ्यात किती येईल ते सांगत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मृग नक्षत्रात एका दिवसात शंभरावर पाऊस झाला. भोंगा वाजला. बायकांनी मुलं शाळेत पाठवली नाहीत, डेअरीवाल्यानं गाडी वळवून नेली. ओढा मात्र नुसता गढूळ झाला. पुढे आठवडाभर कट्ट्यावर भोंग्याची टिंगल चालली.

जुलैच्या अखेरीस, पुष्य नक्षत्रात, म्हणजे आपल्याकडे ज्याला म्हातारा पाऊस म्हणतात त्यात, आठवडाभर रोज चाळीसच्या आसपास पाऊस लागून होता. एके दिवशी दुपारी चार ते सात या वेळात सुमारे ७० मिलीमीटर कोसळला. शंभर काही झाला नाही, म्हणून भोंगा वाजला नाही. शिवाय पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला घ्यायची पद्धत, त्यामुळे संध्याकाळचा पाऊस वहीत चढणार तो दुसऱ्या दिवशी. दूध गोळा करणारी गाडी फरशीच्या मध्यावर बंद पडली. ड्रायव्हर आणि बरोबरचा पोरगा मागच्या हौद्यात चढून दोर धरून बसले. कॅन एकेक करून वाहून गेले. अडीच-तीन तासांनी पाणी उतरलं तेव्हा दोघांना काढलं. जीव वाचले ते गाडी पाईपाच्या तोंडाला आडवी अडकली म्हणून.

गावाच्या हातात आता दोन घटना होत्या. शंभरावर पाऊस आणि पूर नाही. सत्तर पाऊस आणि पूर. पंचायतीच्या बैठकीत एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “मिरगात कितीबी पडूंदे की ओ, जमीन पिऊन टाकतीया. म्हाताऱ्यात तिचं पोट भरलेलं असतंय, पडंल ते सगळं ओढ्याला.” पुढचं सगळं काम म्हणजे या वाक्याला आकडे लावणं होतं.

आकडे काय म्हणतात

पाणलोटातून किती पाणी वाहून येईल याचा ढोबळ अंदाज काढायला जलसंधारणाच्या कामात कर्व्ह नंबरची पद्धत वापरतात. माती कुठली, वर झाडोरा कसला, यावरून जमिनीला एक अंक देतात आणि आधीच्या पाच दिवसांत किती पाऊस झाला त्यावरून तो खाली-वर करतात. पीक उभं असण्याच्या दिवसांत पाच दिवसांची बेरीज साधारण ३६ मिलीमीटरच्या आत असेल तर जमीन कोरडी, ५३ च्या वर गेली तर ओलीचिंब, मधे असेल तर मध्यम.

या पाणलोटाला मध्यम स्थितीत ७५ हा अंक धरला. मग १०० मिलीमीटर पावसातून कोरड्या जमिनीवर सुमारे १४ मिलीमीटर पाणी वाहतं, मध्यम ओलीत ४१ आणि ओल्याचिंब जमिनीवर ६६. पाऊस तोच. जुलैतला सत्तरचा पाऊस ओल्याचिंब जमिनीवर धरला तर वाहणारं पाणी येतं ३९ मिलीमीटर. मिरगातल्या शंभराच्या जवळजवळ तिप्पट. एका चौरस किलोमीटरवर १ मिलीमीटर म्हणजे दहा लाख लिटर. त्या हिशेबानं १२ चौरस किलोमीटरवरून त्या संध्याकाळी फरशीकडे ४६-४७ कोटी लिटर पाणी निघालं असावं.

ही पद्धत मुळात दिवसभराच्या पावसासाठी आहे, तासांसाठी नाही, हे ध्यानात ठेवूनच ती वापरायची. पहिला अंदाज म्हणून ती चालते, अंतिम म्हणून नाही.

शिवाय या गावात मातीइतकाच भाताच्या वाफ्यांचा वाटा आहे, आणि तो कुठल्याच तक्त्यात नीट येत नाही. मृगात वाफे रिकामे असतात, बांध वीतभर उंच, पडलेलं पाणी तिथेच थांबतं. नट्टी, म्हणजे भाताची रोपं, लावून झाली की वाफे भरलेले. वर जोराचा पाऊस आला की रोप बुडू नये म्हणून जो तो आपल्या बांधाची तोंडं मोकळी करतो, तीही एकाच वेळी. ओढ्याला डोंगराच्या पाण्याबरोबर हे साठलेलं पाणीही मिळतं.

कोणते पर्याय होते

शंभराऐवजी सरळ साठ करावं, ही पहिली सूचना. जुलैत या पट्ट्यात साठ मिलीमीटरचे दिवस इतके येतात की भोंगा रोज वाजला असता आणि दहाव्या दिवशी कुणी मान वर केली नसती. सूचना मागे पडली.

दुसरा पर्याय सरकारी इशाऱ्यांवर विसंबण्याचा. कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक ग्रामपंचायतींपर्यंत पोचलेले आहेत आणि ‘वरुणमित्र’ हेल्पलाइनवर फोन करून माहिती मिळते. हवामान खात्यानं ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराची मार्गदर्शन प्रणाली सुरू केली, आणि तिचा गाभाच हा आहे की जमिनीतला ओलावा हिशेबात घेऊन, अमुक तासांत अजून किती पाऊस झाला तर छोट्या पाणलोटाचा ओढा काठ सोडेल, तो आकडा काढायचा. धोक्याची सूचना सहा तास आधी आणि शक्यतेचा अंदाज चोवीस तास आधी देण्याची तिची रचना आहे. मला स्वतःला ही दिशा पूर्ण बरोबर वाटते. पण गावापर्यंत येईतो त्या सूचनेचा ‘बेळगाव जिल्हा, ऑरेंज अलर्ट’ होतो. बेळगाव शहरात वर्षाला सव्वा ते दीड हजार मिलीमीटर पाऊस, कणकुंबीच्या बाजूला त्याच्या दुप्पटतिपटीहून जास्त, आणि पूर्वेकडे सौंदत्ती-रामदुर्गला दुष्काळी पट्टा. एका रंगात हा जिल्हा मावत नाही. तरी तो इशारा गाळायचा नाही, जागं राहायची खूण म्हणून वापरायचा, असं ठरलं.

तिसरा पर्याय ओढ्यातच वरच्या अंगाला रंगवलेला खांब रोवण्याचा. पाणी लाल पट्ट्याला लागलं की फोन. साधा, खात्रीचा. पण त्यातून हाताशी जेमतेम अर्धा तास मिळतो आणि रात्री खांब दिसत नाही. खांब रोवला, पण दुय्यम म्हणून.

चौथा, मातीतला ओलावा थेट मोजण्याचा. उपग्रह जमिनीचा वरचा पाचेक सेंटिमीटरचा थर पाहतो, तोही कित्येक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी धरून. त्यात हे १२ चौरस किलोमीटर हरवून जातात. एका कॉलेजच्या मुलांनी इलेक्ट्रॉनिक सेन्सर देऊ केला. जांभ्याच्या कडेला एक आकडा, वीस पावलांवर भाताच्या खाचरात दुसराच, असं झाल्यावर कुठला खरा धरायचा हा प्रश्न उभा राहिला. टेन्शिओमीटर मात्र ऊसवाल्यांच्या ओळखीचा होता. चिनीमातीची सच्छिद्र टोपी मातीत पुरायची, नळीत पाणी, वर व्हॅक्यूमचा काटा. माती कोरडी पडेल तसा काटा चढतो, भरली की शून्याशी येतो. अडचण एवढीच की जुलैत तो शून्याशी आला की आठवडेच्या आठवडे तिथेच बसतो. उघडीप पडल्यावर जमीन किती सुकली, एवढंच तो चांगलं सांगतो.

पाचवा पर्याय सगळ्यात स्वस्त: झालेल्या पावसावरूनच ओलाव्याचा अंदाज बांधायचा. जमिनीत किती पाणी आहे याचा अंदाजी आकडा म्हणजे ‘साठा’. कालच्या साठ्याचे नव्वद टक्के धरायचे, त्यात आजचा पाऊस मिळवायचा, रोज. कोरड्या जमिनीवर एकदम शंभर पडला तर साठा शंभर. पाच दिवस रोज चाळीस पडला तर साठा १६४ च्या आसपास. सातवीतली मुलगीही हा हिशेब वहीत करू शकते, आणि पुढे तो बराच काळ सातवीतल्या एका मुलीनंच केला.

काय केलं

पाचवा पर्याय मुख्य, टेन्शिओमीटर आणि खांब जोडीला. साठा ६० च्या खाली असेल तर जमीन ‘तहानलेली’, ६० ते १५० ‘ओली’, १५० च्या वर ‘भरलेली’. हे आकडे गावानं आपल्या जुन्या नोंदी आणि फरशीवर पाणी आल्याच्या आठवणी जुळवून बेतले. दुसऱ्या गावानं ते उचलू नयेत.

मग पावसाची मर्यादा. अंदाजे २० मिलीमीटर पाणी वाहून आलं की फरशी बुडते असं धरलं आणि उलटा हिशेब केला. तहानलेल्या जमिनीवर त्यासाठी सुमारे ११५ मिलीमीटर पाऊस लागतो, ओल्या जमिनीवर ७०, भरलेल्या जमिनीवर ४५ सुद्धा पुरे. हा पाऊस चोवीस तासांतला नव्हे, चालू तीन तासांतला धरायचा. मर्यादेच्या दोन तृतीयांशावर शाळा, डेअरी आणि बसच्या कंट्रोलरला फोन. पूर्ण मर्यादेवर भोंगा आणि फरशीच्या दोन्ही टोकांना दोर.

खालच्या गावातल्या मापकावर भागणार नव्हतं, कारण पाऊस पडतो वर. वरच्या गवळीवाड्यातल्या एका घराला साधा मापक करून दिला: २० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, खाली कॅन आणि मोजायला औषधाच्या दुकानातलं मापाचं भांडं. अशा नरसाळ्यात १ मिलीमीटर पाऊस म्हणजे ३१ मिलीलीटर पाणी. त्या घरच्या वहिनी जोराचा पाऊस लागला की तासातासाला पाणी मोजत आणि फोन करत. घरात रेंज नव्हती. गोठ्यामागच्या चढावर, इरलं पांघरून उभं राहिलं की दोन काड्या येत.

निरोप लिहून पाठवण्याऐवजी आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचा, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, असं अंगणवाडीच्या ताईंनी सुचवलं. भोंगा विजेवर आणि वीज पावसात हमखास जाते, म्हणून देवळाचा इन्व्हर्टरवरचा स्पीकर पर्यायी ठेवला.

भोंगा कुणी वाजवायचा

वही सांभाळायला एक निवृत्त हवालदार पुढे आले. मर्यादा ओलांडली की त्यांनी पंचायत अध्यक्षांना किंवा पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांना फोन करायचा, त्यांनी हो म्हटलं की भोंगा, असा क्रम कागदावर होता. वाचायला शिस्तीचा वाटतो.

दुसऱ्या वर्षी जुलैत साठा दीडशेच्या वर असताना एका संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी वहिनींचा फोन आला: तीन तासांत ४८. हवालदारांनी अध्यक्षांना फोन लावला, कव्हरेज क्षेत्राबाहेर. पीडीओ साहेब खानापुरात मीटिंगला, फोन सायलेंटवर. उपाध्यक्षांनी उचलला, पण म्हणाले, “अध्यक्षांना विचारा, माझ्या अंगावर नको.” असे पंचवीस मिनिटं गेली. शेवटी अध्यक्ष लागले, भोंगा वाजला, आणि पाऊण तासात फरशी बुडाली. हायस्कूलची बस त्या पंचवीस मिनिटांतच फरशी ओलांडून आली होती. पाणी तोवर टायरच्या निम्म्यावर होतं.

दुसऱ्या दिवशीची बैठक तापली. एकाचं म्हणणं, खोटा भोंगा झाला तर जबाबदार कोण? मिरगातली टिंगल कुणी विसरलं नव्हतं. हवालदार म्हणाले, “पहाऱ्यावरच्या जवानानं हाळी द्यायला कुणाची परवानगी काढायची असते?” पीडीओ साहेबांची अडचणही खोटी नव्हती, त्यांना वर कागद दाखवावा लागतो. तोडगा त्यांनीच काढला. ठराव झाला की वहीवर ज्याची पाळी असेल त्यानं आकडा मर्यादेला लागताच भोंगा वाजवायचा आणि मग फोन करायचे. वाजवण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहायच्या: साठा, तीन तासांचा पाऊस, वेळ. भोंगा खोटा ठरला तर वही पाहायची, माणसाला बोलायचं नाही. हा ठराव इतिवृत्तात कन्नडमध्ये आहे, त्याची मराठी प्रत देवळाच्या भिंतीवर.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. ओलाव्याचा हिशेब थोडा चुकला तरी मर्यादा पाचदहा मिलीमीटरनं हलते. परवानगीच्या वाटेनं गेलेली पंचवीस मिनिटं कुठल्याच हिशेबात भरून निघत नाहीत.

परिणाम

त्या पावसाळ्यात भोंगा पाच वेळा वाजला. चार वेळा फरशीवरून पाणी गेलं, एकदा नाही. ठरावानंतर भोंगा आणि पाणी यांत चाळीस मिनिटं ते तासाभराचा अवकाश मिळाला. मृगात एका दिवशी नव्वदच्या आसपास पाऊस झाला तेव्हा वहीनं जमीन तहानलेली दाखवली, भोंगा वाजला नाही, मुलं शाळेत गेली आणि ओढाही शांत राहिला. लोकांचा विश्वास बसला तो या न वाजलेल्या भोंग्यानं, असं अंगणवाडीच्या ताईंचं मत आहे.

एकदा मात्र भोंग्याविना पाणी आलं. गावात ऊन-पाऊस, वर डोंगरमाथ्यावर काळं. वहिनींच्या मापकात दोन तासांत जेमतेम १२ मिलीमीटर. नंतर पाहिलं तर नरसाळ्याच्या तोंडात जांभळीची पानं बसली होती आणि पाणी काठावरून ओघळून जात होतं. फरशीवर कुणी नव्हतं, एवढंच नशीब. मापक झाडापासून दूर, मोकळ्यावर हलवला आणि तोंडाला जाळी बसवली.

एका पावसाळ्याच्या पाच-सहा घटनांवरून मर्यादा बरोबर ठरल्या असं म्हणता येत नाही. ४५ चा आकडा ४० वर आणावा का, यावर अजून दोन मतं आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मापकाची जागा आधी नीट पाहायला हवी होती. जवळचं झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवावा, ही जुनी शिस्त. घराजवळ सोयीचं पडतं म्हणून ती मोडली गेली.

नव्वद टक्क्यांचा हिशेब जुलैच्या ढगाळ दिवसांत चालतो. ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस कडक ऊन पडलं की जमीन त्याहून लवकर सुकते आणि वही मात्र तिला भरलेलीच म्हणत राहते. खोटा ठरलेला भोंगा तेव्हाचाच. टेन्शिओमीटरचा काटा त्या दिवशी बराच चढलेला होता. तो पाहून साठा खाली आणायचा नियम आधीच असता तर भोंगा वाजला नसता. आता उघडीप तीन दिवसांपेक्षा लांबली की काटा पाहून पंचाऐंशी टक्के धरतात.

रात्रीचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. जमीन भरलेली असताना चार घरं पाळीनं जागतात, पण वहिनींनी रात्री दोन वाजता चढावर जाऊन फोन करावा, ही अपेक्षाच चुकीची. स्वयंचलित मापक वर हवा. वरची जागा वनखात्याची, त्यामुळे अर्ज गेला आहे.

बांधाची तोंडं एकदम न सोडता वरच्या आळीनं आधी आणि खालच्यांनी तासाभरानं सोडावीत, असंही सुचवलं गेलं. कुणी मनावर घेतलं नाही. रोप ज्याचं बुडणार, त्याला थांब म्हणणं अवघड आहे.

फरशीच्या जागी आता उंच पूल मंजूर झाला आहे. पाईप जाऊन मोठी मोरी आली की २० मिलीमीटरला फरशी बुडते हे गृहीतक राहणार नाही आणि ११५, ७०, ४५ हे तिन्ही आकडे नव्यानं काढावे लागतील. काम चालू असताना ओढ्यात भराव पडेल, तेव्हा तर मर्यादा आजच्याहूनही खाली येईल. हवालदारांनी ठेकेदाराकडे मोरीची रुंदी-उंची आणि भरावाच्या तारखा लेखी मागितल्या आहेत.